दुसऱ्या लॉटवरची सही

१२ जानेवारी १९९४, बुधवार

डायरी डाळ मिलची आहे. पहिल्या पानावर लक्ष्मी, शेवटच्या पानावर पॉलिश केलेल्या तूरडाळीचा रंगीत फोटो. आमच्या रबर कारखान्याचे मालक अभयशेठ, त्यांनी दिली. नोकरीत असताना मी रोज लिहायचो. एअरफोर्समधून सुटून जळगावला आलो त्याला चार वर्षं झाली, पण लिहावं असं काही घडलंच नाही. वीस वर्षं वैमानिकांचा ऑक्सिजन सांभाळलेला सार्जंट लीलाधर इथे केळीच्या मळ्यातल्या पाइपांच्या रबरी रिंगा बोटाने दाबून बघतो. त्यात लिहायचं काय, कपाळ?

आज मात्र घडलं. एअरफोर्सच्या डेपोतून दोन साहेब जीप घेऊन थेट एमआयडीसीत आले. अभयशेठ त्यांच्यापुढे पेढे, चिवडा, चहा मांडत राहिले, पण साहेबांना बोलायचं होतं माझ्याशी. रशिया मोडला हे सगळ्यांनी पेपरात वाचलं. आपल्या मिग विमानांचं त्यापायी काय झालं, ते पेपरात येत नाही. सुटा भाग मागवायचा तर पत्र कुठल्या देशाला घालायचं हेच कळेना झालंय. मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, आणि पहिलं कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं करायचं. तिकडे दिल्लीत नवी रडारं, नवी क्षेपणास्त्रं यांच्या गप्पा, आणि इकडे विमान अडलंय अंगठीएवढ्या रबरी रिंगेपायी. म्हणून आता साहेब लोक गावोगाव फिरून विचारतायत, बाबांनो, तुम्ही बनवाल का?

ऑक्सिजन भरायच्या नळीच्या जोडात बसते ती रिंग. त्यांनी हातावर ठेवली आणि मी डोळे मिटून सांगितलं कुठली ते. मोठे साहेब हसले. म्हणाले, "मग झालं तर, सार्जंट. तुमच्या सहीवर माल घेऊ."

इतक्या वर्षांनी कुणी सार्जंट म्हटलं. घरी येऊन पुष्पाला सांगितलं, तर तिने विचारलं पगार वाढणार का. हिला दुसरं काही सुचतच नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार

डेपोचे कागद आले. सहा पानं, इंग्रजी. मापं, कडकपणा, ताण. पाचव्या पानावर ठळक अक्षरात, की रिंगेला तेल, ग्रीस, हाताचा घाम काही लागता कामा नये. धुवायची, वाळवायची, पिशवीत सील करायची. हे मला कुणी शिकवायला नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की काडीसुद्धा ओढावी लागत नाही, आपोआप पेटतं. केसाला तेल लावून आलेल्या एका शिपायाला आमच्या वॉरंट ऑफिसरने ऑक्सिजनच्या खोलीतून मानगूट धरून बाहेर काढलेलं मी पाहिलंय.

अभयशेठ म्हणत होते, पाचवं पान मराठीत करून भिंतीवर लावू. मी साफ नाही म्हटलं. कागदावर 'गोपनीय' असा शिक्का आहे, भिंतीवर लावायला ते काय कॅलेंडर आहे? ड्रॉवरमध्ये घालून किल्ली खिशात ठेवली. पॅकिंगच्या बायांनी मी सांगेन तेवढं करावं. का करायचं हे कळून त्यांना कुठे विमान चालवायचंय?

४ मार्च, शुक्रवार

पहिला पन्नासाचा लॉट डेपोच्या प्रयोगशाळेत पास. एकही रिंग परत नाही. अभयशेठनी सगळ्या बायांना जिलेबी दिली. अभयशेठनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, संध्याकाळी मोठे शेठ स्वतः आले.

मोठे शेठ म्हणजे केवलचंदजी, अभयशेठचे वडील. अठ्ठ्याहत्तर वय. डाळ मिल थोरल्याकडे दिल्यापासून म्हाताऱ्याला घरात करमत नाही, रोज येऊन आमच्या पॅकिंगच्या टेबलाशी बसतात. रिंग उलटीसुलटी करून मला म्हणाले, हा माल इतका मेलेला का दिसतो? त्यांच्या मिलमधून डाळीला तेलाचा हात दिल्याशिवाय चाळीस वर्षांत एक पोतं शिवलं गेलेलं नाही. गिऱ्हाईक आधी डोळ्याने घेतं, हे त्यांचं ठरलेलं.

मी म्हटलं, बाऊजी, चकाकी काय असते ती आमच्याकडे बघा. मग बुटांचं सांगितलं, तोंड दिसेस्तोवर घासायचे. पितळी बटणं सांगितली. मोठे साहेब येणार म्हणून रस्त्याकडेच्या दगडांनासुद्धा रंग दिलेला सांगितला. एअरफोर्सला मळकट वस्तू नजरेसमोर चालत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. म्हातारा अगदी रंगून ऐकत होता. घरी असं कोण ऐकतं?

२५ एप्रिल, सोमवार

दुसरा लॉट गेला. चारशे रिंगा. आता डेपो प्रयोगशाळेत घालणार नाही, प्रमाणपत्रावरच घेणार आणि तिथून सरळ विमानतळांवर पाठवणार. प्रमाणपत्रावर सही माझी.

शनिवारी संध्याकाळी शेवटची रिंग तपासून सही केली होती. काल महावीर जयंती, कारखाना बंद. आज मी दहाला पोचलो तर पिशव्या सील होऊन तयार. मोठे शेठ सकाळी सातलाच येऊन बसले होते म्हणे, स्वतः उभं राहून करून घेतलं. या वयात एवढी हौस. सही पुन्हा एकदा बघून घेतली. पूर्ण नाव, खाली निवृत्त सार्जंट. बरी आली आहे.

७ मे, शनिवार

घरी आल्याआल्या लिहायला बसलोय. अक्षर असंच येणार.

तिसऱ्या लॉटच्या साठ रिंगा धुवून, वाळवून ट्रेमध्ये ठेवल्या आणि साडेपाचला निघालो. चष्मा राहिला म्हणून आकाशवाणी चौकातून परत आलो. पॅकिंगच्या टेबलाशी केवलचंदजी बसलेले. पुढे पितळी वाटी, हातात मलमलीचा तुकडा. एकेक रिंग बोटात धरून पुसत होते. वाटीत एरंडेल.

मी विचारलं हे काय. म्हातारा इतका आनंदाने हसला. म्हणाला, "घाबरू नका लीलाधरभाऊ, अगदी पुसटसा हात देतो. मागचे चारशे पण मीच केले. साहेब लोक खूश झाले असतील ना?"

मी ट्रे उचलून ड्रॉवरमध्ये घातला, त्यांना म्हटलं आज राहू द्या. मग बाहेर येऊन शेवंताबाईला गाठलं, ती बायांची मुकादम, धुळ्याकडची. तिच्यावर भडकलो, की डोळ्यांदेखत म्हातारा तेल लावतो आणि तू बघत बसतेस? ती म्हणाली, "माले काय माहीत भाऊ? तुम्ही कधी सांगंच नही." अडाणी बाई. तिच्याशी काय बोलायचं?

चारशे रिंगा. बारा दिवस झाले जाऊन. आतापर्यंत कुठल्या कुठे पोचल्या असतील.

८ मे, रविवार

दिवसभर विचार केला. शांत डोक्याने लिहितो.

एक तर हात खरंच पुसटसा दिला असणार. दुसरं, तिथे लावणारा माणूस रिंग बसवण्याआधी पुसतो, निदान आम्ही पुसायचो. तिसरं, सगळ्या रिंगा काही लगेच लागत नाहीत, निम्म्या कपाटातच पडून राहतात. चौथं, आज रविवार. डेपोत असणार कोण?

अभयशेठना सांगायचं की नाही? सांगितलं तर म्हाताऱ्याला कळणार, आणि या वयात त्यांना काही झालं तर पाप माझ्या माथी. हे आधी डेपोत जाऊन निस्तरावं आणि मगच घरात सांगावं, हेच बरं.

पुष्पा म्हणाली जेवण गेलं नाही का. उन्हामुळे असेल म्हटलं.

९ मे, सोमवार

स्टेशनजवळच्या एसटीडीवरून डेपोला फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला, क्लार्कने घेतला, काय काम म्हणून विचारलं. बूथबाहेर चार माणसं उभी, काचेचं दार नीट लागत नाही, आणि मी काय ऑक्सिजनच्या गोष्टी ओरडून सांगू? गोपनीय विषय आहे. साहेब आहेत का एवढंच विचारलं. मीटिंगमध्ये आहेत म्हणाला. निरोप आहे का? नाही म्हटलं.

समक्षच गेलं पाहिजे. परवा जातो. उद्या मोल्डिंगच्या मशीनच्या दुरुस्तीला माणूस येणार आहे, मी नसलो तर चालणार नाही.

११ मे, बुधवार

आज निघालो होतो. पहाटेची पहिली गाडी धरली, नऊ वाजता धुळ्याला उतरलो. पुढची गाडी साडेदहाला. दीड तास स्टँडवर बसून काय करणार? लेक धुळ्यातच दिली आहे, डिसेंबरात लग्न झालं. म्हटलं पाच मिनिटं तोंड दाखवून येऊ.

दारातच व्याही रतिलालभाऊ उभे. मला पाहून आत हाक दिली, "अहो, मुराळी आले." परवा अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. लग्नानंतरची पहिली आखाजी, तिला न्यायला कोण येणार याची घरात दोन दिवस वाटच बघत होते. आमच्याकडून पुतण्या उद्या जायचा होता. पण लेक माझा आवाज ऐकून धावत आली ती पिशवी भरायलाच लागली. विहीणबाईंनी चूल पेटवली. आता या माणसांना काय सांगू? की मी लेकीला न्यायला आलोच नाही, वाटेत गाडी बदलायची म्हणून डोकावलो? व्याह्यांच्या उंबऱ्यात असं बोलता येतं का? लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

खीर-मांडे खाऊन, ओटी भरून घेऊन दोनच्या गाडीने तिला जळगावला आणलं. वाटेत ती झोक्याचं, मैत्रिणींचं बोलत होती. पारोळ्याच्या पुढे खिडकीला डोकं टेकून झोपली. गाडीत जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

चार दिवसांनी असं काय होणार आहे? सोमवारनंतर निवांत जाता येईल.

१३ मे, शुक्रवार

आखाजी. घागर भरली, पुरणपोळी, आमरस. गल्लीतल्या पोरींनी लिंबाला झोके बांधले आहेत, सकाळपासून गाणी चालली आहेत. पुष्पा म्हणाली, तुम्ही स्वतः लेकीला घेऊन आलात, गल्लीत सगळ्यांनी नाव काढलं.

कारखाना सोमवारपर्यंत बंद. बाया माहेरी गेल्या.

१६ मे, सोमवार

अकरा वाजता डेपोचा फोन आला. अभयशेठनी घेतला. मी समोरच बसलो होतो. हो साहेब, हो साहेब म्हणत त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग खुलला. फोन ठेवून म्हणाले, कुठल्याशा विमानतळावर गुरुवारी ऑक्सिजन भरताना जोडात भडका उडाला. एका सार्जंटचा हात भाजला. पण आपल्यावर काही नाही, त्याचेच पाने तेलकट होते असं चौकशीत निघालं. त्याच्यावर ठपका ठेवलाय. डेपोला फाइलसाठी आपल्या प्रमाणपत्राची फक्त एक प्रत हवी आहे.

अभयशेठनी देवाच्या फोटोला हात जोडले.

गुरुवारी. मी बुधवारी धुळ्याला होतो.

वीस वर्षांत माझा एकदाही पाना तेलकट नव्हता. त्या माणसाचाही नसणार. ऑक्सिजनवर काम करणारा सार्जंट हात पुसल्याशिवाय स्वतःच्या नाकाला लावत नाही, हे मला माहीत आहे, आणि चौकशी करणाऱ्या त्या गाढवांना माहीत नाही.

दुपारी अभयशेठना सगळं सांगितलं. एरंडेल, वाटी, चारशे रिंगा. मला वाटलं ओरडतील. त्यांनी डेपोची फाइल काढून माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "जा तुम्ही डेपोत. धंदा गेला तर जाऊ दे. तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, आज. फोन आल्यावर शंका आली म्हणून बाऊजींना विचारलं.

हे तोंडातून कसं निघालं, मला ठाऊक नाही. एकदा निघाल्यावर परत घेता येईना.

१७ मे, मंगळवार

धुळे स्टँडवर बसून लिहितोय. जळगावची गाडी लागायची आहे. सकाळी जाताना इथे उतरलो तेव्हा लेकीच्या घराकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांनी ताबडतोब आत घेतलं. सगळं ऐकल्यावर दोन मिनिटांत सहा ठिकाणी फोन गेले. दुसऱ्या लॉटच्या रिंगा जिथे असतील तिथे काढा, लावलेली विमानं उभी करा. चारशेपैकी एकतीस लागल्या होत्या. एका भडकलेल्या रिंगेखेरीज बाकी सगळ्या आज संध्याकाळपर्यंत निघतील. एवढं काम व्हायला माझी फक्त दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं.

मग मी त्या सार्जंटचं विचारलं. त्याचं नाव जीवराम. आपल्याच बाजूचा, शिंदखेडा तालुक्यातला. उजवा हात मनगटापर्यंत भाजलाय, तीन बोटं वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. शनिवारी त्याच्या कागदात लाल शाईची नोंद झाली, निष्काळजीपणा म्हणून. पुढच्या महिन्यात वॉरंट ऑफिसर व्हायचा होता. साहेब म्हणाले, तुमच्या या जबाबाने ती नोंद आता खोडली जाईल. हाताचं मात्र आपण काही करू शकत नाही.

जबाबाचा फॉर्म पुढे केला. एक रकाना होता, दोष लक्षात आल्याची तारीख. साहेबांचं पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं.

मी काल म्हणालो.

साहेबांनी लिहिलं, सोळा मे. लिहिता लिहिता मान हलवत म्हणाले, "गुरुवारच्या आधी कळलं असतं तर तो हात वाचला असता. पण तुम्ही तरी काय करणार? कळलं तसे तुम्ही धावत आलात. दुसरा कुणी गप्प बसला असता."

खाली सही केली. पूर्ण नाव, निवृत्त सार्जंट. दाराशी आल्यावर साहेब उभे राहिले आणि मला सॅल्यूट केला. मी नोकरीत असताना कुठल्या साहेबाने आधी सॅल्यूट केल्याचं आठवत नाही. माझाही हात वर गेला.

१४ जून, मंगळवार

धंदा गेला नाही. उलट डेपोचं पत्र आलं, इंग्रजीत, वर अशोकस्तंभ. कंपनीच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि निरीक्षक लीलाधर यांनी दाखवलेल्या तत्परतेबद्दल कौतुक. सोबत आणखी चार प्रकारच्या रिंगांची मागणी. विमानं उभी ठेवून चालत नाही म्हणे, आणि प्रामाणिक माणूस कुठे मिळतो? अभयशेठनी पत्र फ्रेम करून माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलं. पाचवं पानही मराठीत करून पॅकिंगच्या टेबलावर चिकटवलंय. त्यांनी ते मला न विचारता केलं.

बायांपुढे मला पत्राचा अर्थ सांगायला लावला. मी सांगितला. शेवंताबाई सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. सात मेला मी तिच्यावर भडकलो होतो, ते ती विसरलेली नाही. बोलली मात्र काही नाही. तिची नोकरी आहे.

केवलचंदजी आता येत नाहीत. अभयशेठनी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने दोन दिवस अन्न घेतलं नाही. आज घरी भेटायला गेलो. खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. मी बसल्यावर म्हणाले, "त्याचा हात माझ्यामुळे गेला, लीलाधरभाऊ. मला विचारायला हवं होतं तुम्हाला." मी म्हटलं, बाऊजी, तुम्हाला माहीत नव्हतं, मनाला लावून घेऊ नका. त्यांनी माझा हात धरला आणि रडले. सात मेची गोष्ट त्यांना नीट आठवते की नाही, कळलं नाही. वय झालंय, तारखा राहत नाहीत लक्षात. मी काढलीही नाही.

२९ जून, बुधवार

आज घरच्या पत्त्यावर अंतर्देशीय पत्र आलं. जीवरामचं. उतरवून ठेवतो.

'सार्जंट लीलाधर साहेबांस नमस्कार. तुमचा पत्ता डेपोतून मिळवला. माझी लाल नोंद खोडली गेली. नोंद राहिली असती तर बायकापोरांना तोंड कसं दाखवलं असतं. हाताचं दैव. आता या ट्रेडमध्ये ठेवणार नाहीत, स्टोअरमध्ये टाकतील, पण डाग लावून नाही टाकणार. कळल्याबरोबर दुसऱ्या दिवशी कोण एवढ्या लांब धावून येतं. सगळे म्हणत होते माझे पाने तेलकट, तुम्ही एकट्याने खरं सांगितलं. नरडाण्याला आमचं घर आहे, कधी त्या बाजूला आलात तर चहाला यावं. डाव्या हाताने लिहिलं आहे, अक्षर समजून घ्यावं.'

अक्षरं मोठी मोठी आहेत, पहिलीतल्या पोरासारखी. ओळी खाली घसरल्या आहेत. 'दुसऱ्या दिवशी' हे शब्द खोडून पुन्हा लिहिले आहेत, पहिल्यांदा नीट जमले नसावेत.

पुष्पाला वाचून दाखवावं लागलं. तिने पत्र देवापाशी ठेवलं.

२ जुलै, शनिवार

पुष्पा सकाळी म्हणाली, बिचाऱ्याने डाव्या हाताने एवढं लिहिलं, तुमचे तर दोन्ही हात धड आहेत, उत्तर का टाकत नाही? टेबलावर कोरं पत्र आणि पेन तिने काढून ठेवलं होतं.

उद्या लिहितो म्हटलं.